शाळेची सनद की शाळेचे वतन?

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीचा जो उत्सव भरतो, तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शहापूर-मुरबाडपासून कल्याण-भिवंडीपर्यंतची माणसे तेथे लोटतात. मंडपाची आरास, दिव्यांचा लखलखाट, दर्शनाच्या रांगा, रस्त्याच्या कडेने खेळण्यांचे व बांगड्यांचे ढीग, असा सगळा थाट असतो. गेल्या नवरात्रात कामानिमित्त ठाण्यास मुक्काम पडला, तेव्हा आम्हीही त्या गर्दीत होतो. रात्रीचे दहा वाजून गेले होते. आठनऊ वर्षांचे एक पोर फुग्यांची काठी खांद्यावर टाकून आमच्या मागे लागले. शाळामास्तराची खोड, ती देवीच्या दारातही सुटत नाही. आम्ही विचारले, "काय रे, शाळेत जातोस का?" पोर म्हणाले, "जातो की. पुलाखाली." इतके बोलून दुसरे गिऱ्हाईक दिसताच ते गर्दीत नाहीसे झाले.

ऐकणाऱ्यास हे उत्तर थट्टेचे वाटेल. पण ती थट्टा नव्हे. टेंभी नाक्यापासून कोसाच्या आत तीन हात नाका आहे. तेथील उड्डाणपुलाखाली २०१६ सालच्या जून महिन्यात खरोखरच एक शाळा उघडली. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महानगरपालिका या दोघांनी मिळून ती काढली. जहाजावर माल लादण्याचे जे लोखंडी पेटारे असतात, ज्यांस कंटेनर म्हणतात, ते पुलाखाली आणून ठेवले आणि त्यांचेच वर्ग केले. लोक तिला सिग्नल शाळा म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे. नाक्यावर तांबडा दिवा लागला की गाड्या थांबतात. गाड्या थांबल्या की ही पोरे गजरे व खेळणी घेऊन काचेपाशी धावतात. दिव्याच्या रंगावर ज्यांची भाकर, त्यांची ही शाळा. येथे मूल आले की आधी अंघोळ, मग गणवेश, मग जेवण आणि अभ्यास. पुढे तेथली मुले दहावीची परीक्षाही उत्तीर्ण झाली.

ही मुले बहुतेक पारध्यांची. मराठवाड्याच्या दुष्काळी मुलखातून त्यांचे आईबाप पोटासाठी ठाण्यास आले. पारधी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास काटेरी तारेच्या आत अशा लोकांची वसाहत होती आणि दिवसातून ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण माणसाच्या मनातला कायदा असा एका दिवसात रद्द होत नाही. गावात चोरी झाली तर आजही पहिला दांडा पालाच्या दारी आपटतो. ज्या जातीचे नाव सरकारने प्रथम लिहिले ते पोलिसाच्या वहीत, त्या जातीच्या पोराचे नाव मास्तराच्या हजेरीपटावर चढले, ही लहान गोष्ट नव्हे. एवढ्यासाठी ज्या कोणी हे काम केले त्यांस आम्ही मनापासून धन्यवाद देतो.

परंतु धन्यवाद देऊन स्वस्थ बसणे हे वर्तमानपत्राचे काम नाही. त्या पोराचे उत्तर ऐकल्यापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, आणि तो त्या एका शाळेपुरता नाही. महानगरपालिका आणि संस्था यांनी मिळून चालविलेली शाळा मालकीने कोणाची? पालिकेची, संस्थेची, की त्या फुगेवाल्या पोराच्या आईची?

असल्या शाळांचा प्रकार आपल्याकडे वाढत आहे. मुंबई महानगरपालिकेने २०१३ साली खाजगी संस्थांस शाळा चालविण्यात भागीदार करून घेण्याचे धोरण मंजूर केले, आणि पालिकेच्या इमारतींत संस्थांनी चालविलेल्या शाळा तेथे भरू लागल्या. अमेरिकेत याचा मोठाच पसारा आहे. तेथील मिनेसोटा राज्याने १९९१ साली त्याचा कायदा केला आणि पुढल्या वर्षी सेंट पॉल नगरात पहिली शाळा उघडली. या शाळांस तिकडे चार्टर स्कूल म्हणतात. खर्च सरकारी पैशाचा, फी नाही, दार सर्वांस उघडे, आणि जागेपेक्षा मुले अधिक आली तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश. चालविणारे मात्र सरकारी खाते नसून मास्तरांची वा नागरिकांची एखादी मंडळी. त्या मंडळीस ठराविक वर्षांसाठी लेखी अधिकार मिळतो, आणि मुदतीत काम नीट झाले नाही तर तो काढून घेता येतो. यातून काही शाळा नावाजल्या, तर काही मध्येच बंद पडून मुले रस्त्यावर आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चार्टर म्हणजे आपल्या भाषेत सनद. आणि सनद म्हणजे काय, हे कुणब्याच्या व बलुतेदाराच्या घरी कोणी शिकवावयास नको! सनदेत दोन गोष्टी असत. काय मिळेल ही एक, आणि त्याबद्दल काय करावे लागेल ही दुसरी. पाटलाने गाव राखावे, कुलकर्ण्याने दप्तर लिहावे, देशमुखाने परगण्याचा वसूल पाहावा. आरंभी हा करार होता. मग बापामागे लेक, लेकामागे नातू अशा पिढ्या गेल्या. वरच्या घरांत काम गळून पडले आणि उत्पन्न तेवढे हाती राहिले. आणि महाराच्या वाट्यास नेमके उलटे आले, म्हणजे काम सारे त्याच्या माथी व उत्पन्न नावापुरते. अशा रीतीने सनदेचे वतन झाले. सनदवाल्यास हिशेब विचारता येतो. वतनदारास हिशेब विचारला की तो उलट विचारणाऱ्याची जात विचारतो. शाहू महाराजांनी करवीर राज्यात कुलकर्णी वतने काढून टाकली ती याच कारणाने, आणि महार वतनाचे जोखड मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने उतरले. वतनाची चव ज्यांच्या वाडवडिलांनी चाखली आहे, त्यांनी शाळेच्या बाबतीत तरी सावध असावे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. शाळा संस्थेने चालविली म्हणून बिघडत नाही आणि सरकारने चालविली म्हणून सुधारत नाही. शाळेची सनद राहते की तिचे वतन होते, यावर सगळे अवलंबून आहे. आणि सनदेचे वतन होऊ न देणे हे ज्याचे मूल त्या शाळेत बसते त्याच्याच हाती आहे.

प्रथम चांगली बाजू पाहू. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार जुन्या ठाणे जिल्ह्यास नवीन नाही. पालघर वेगळा जिल्हा झाला तो २०१४ साली. त्याआधी ते सारे ठाणेच. त्या भागात बोर्डीस १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासींची पोरे गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. पुढे नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर शाळा भरविल्या. पावसाळा सरला की आमच्या भागातील कातकरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर जातो आणि तेथे विटांच्या व पेंढ्याच्या भोंग्यात राहतो. म्हणून त्या शाळांचे नाव भोंगा शाळा. आणि आता पुलाखालची सिग्नल शाळा. कुरण, भोंगा, सिग्नल! तीन पिढ्यांत गरिबाच्या पोराची जागा कोठून कोठे सरकली, ते या तीन नावांतच दिसते. सरकारी खात्याची घंटा अकरा वाजता एका ठरलेल्या इमारतीत वाजते. ती ऐकू न येणारे मूल खात्याच्या लेखी गैरहजर. संस्थेची माणसे त्या मुलास शोधावयास निघाली, हा त्यांचा मान कोणी हिरावू नये.

आता शाळेचे ब्रीद व तिचे संस्कार यांविषयी. हल्ली प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ध्येयवाक्य रंगविलेले असते, आणि ते इतके गुळगुळीत असते की एका शाळेचे पुसून दुसऱ्या शाळेवर लिहिले तरी कोणास पत्ता लागू नये. खरे ब्रीद भिंतीवर दिसत नाही, दारात दिसते. याची एक साक्ष टेंभी नाक्यावरच आहे. देवीच्या मंडपापासून थोड्याच अंतरावर बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८७९ साली बांधलेले. हे लोक म्हणजे आपले कोकणातले शनिवार तेली. घाणा चालवावा, तेल विकावे आणि शनिवारी घाणा बंद ठेवावा, म्हणून हे नाव. भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली, धंदा कारागिराचा. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती माझगावास सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. देश स्वतंत्र झाल्यावर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलास गेली. तेव्हा शाळेने काय करावे? आपल्या जातीची मुले उरली नाहीत म्हणून टाळे लावावे? शाळेने दार उघडे ठेवले, आणि आज तेथे बहुतेक मुले इतर धर्मांची शिकतात. घाण्यावर बसणाऱ्या एका लहानशा समाजाने काढलेली शाळा त्या समाजाहून मोठी झाली. शाळेचा संस्कार म्हणतात तो हाच. आपल्या जातीसाठी काढलेली शाळा परक्याच्या पोरास आपली वाटू लागली म्हणजे ती पुरी झाली असे समजावे.

दुसरी साक्ष आमच्या वाचकांच्या घरची आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरे एका पंक्तीत जेवली. धान्य आणणे, दळणे, शिजविणे पोरांनी हाताने केले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरील सोने गेले. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचे ब्रीद. पण ते आधी जात्यावर दिसले आणि मग कागदावर आले. याच संस्थेने मास्तर तयार करण्यासाठी १९३५ साली साताऱ्यात अध्यापनाचे विद्यालय काढले आणि पुढे खेडोपाडी ५७८ प्राथमिक शाळा उघडल्या. त्या देवळात भरल्या, चावडीत भरल्या, मिळेल त्या ओसरीवर भरल्या. मास्तर संस्थेचा, जागा गावाची आणि वर सरकारी अनुदान. आजच्या भाषेत बोलावयाचे तर या सनदी शाळाच होत्या. आणि पुढे काय झाले? या शाळा स्कूल बोर्डाच्या हवाली झाल्या. जेथे शाळा नव्हती तेथे शाळा उभी केली, ती चालू शकते हे दाखविले आणि सर्वांच्या स्वाधीन केली. भाऊरावांनी त्या ५७८ शाळांचे वतन केले नाही. आमच्या मते त्यांच्या मोठेपणाची ही बाजू फारशी कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती बोलताना आमचीच जीभ अडखळते. भटशाहीवर आम्ही पुष्कळ लिहिले, शेटजीशाहीवरही लिहिले. पण १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांस परवानगी मिळाली, तेव्हापासून गावोगाव ज्या शिक्षणसंस्था उगवल्या त्यांच्या पाट्या वाचा. अध्यक्ष वडील, चिटणीस चिरंजीव, खजिनदार सूनबाई. आडनाव कोणाचे? आपलेच! बहुजन समाजाच्या नावाने जमीन घेतली, बहुजन समाजाच्या नावाने परवानगी आणली आणि बहुजन समाजाच्याच पोराकडून देणगी घेतली. आम्ही अध्यापक विद्यालयातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलो, तेव्हा अशाच एका संस्थेच्या दारात उभे होतो. तेथील गृहस्थांनी आमचे गुण पाहिले नाहीत. वडिलांच्या नावे जमीन किती आहे, एवढे मात्र बारकाईने विचारले. जमीन दीड एकर आणि तीही वरकस, हे ऐकून त्यांनी चहा पाजला व वाटेस लावले. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? या संस्थाही एके काळी सनदाच होत्या. हिशेब विचारणारा कोणी उरला नाही, म्हणून त्यांची वतने झाली.

याचा अर्थ सरकारने सगळे काम संस्थांवर टाकून हात झटकावे असा कोणी काढील, तर त्यास जोतीराव फुल्यांची साक्ष वाचावयास द्यावी. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, मंडळी जमवून शाळा चालविल्या, सावित्रीबाईंनी त्यांत शिकविले. म्हणजे संस्था चालविण्याचा अनुभव त्यांस कोणाहून कमी नव्हता. तेच जोतीराव १८८२ साली हंटर आयोगापुढे काय म्हणाले? सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडले. बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आणि सरकारने शाळांतून अंग काढून घेऊ नये, तसे झाले तर विद्येचा प्रसार खुंटेल, हेही बजावून सांगितले. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल न पाठविणाऱ्या आईबापास महिना एक रुपया दंड ठेविला; पण आधी शाळा देण्याचे ओझे राज्याने आपल्या शिरावर घेतले होते, हे विसरू नये.

आज वारे कोणत्या दिशेचे आहे? २०२३ सालच्या सप्टेंबरात आपल्या सरकारने सरकारी शाळा देणगीदारांस दत्तक देण्याची योजना काढली. त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची गोष्ट निघाली, आणि अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक निघाल्या. दत्तक हा शब्द ऐकून आम्हांस हसू आले. दत्तक कोण देतो? ज्याचे मूल आहे तो आईबाप. गावाची शाळा दत्तक द्यावयाची तर गावास विचारले पाहिजे. आमची शाळाही याच चौदा हजारांच्या जातीची. डोंगराच्या पायथ्याशी तीन वाड्या, दोन खोल्या, दोन मास्तर, पट सतरा. आमचा पट वीस न भरण्याचे कारण गावात पोरे नाहीत हे नव्हे. दिवाळीनंतर निम्मी कातकरवाडी भट्टीवर जाते हे आहे. ही शाळा मोडून तीन कोसांवर नेली तर पायी जाणारे पहिले पोर गळेल ते मुलीचे.

येथपर्यंत आम्ही दुसऱ्यांस बोल लाविले. आता स्वतःचा गुन्हा कबूल करतो. ज्याच्या घरात अंधार त्याने दुसऱ्याच्या दिव्याची वात तपासू नये.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील एकविसाव्या कलमाप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात शंभरातले पंचाहत्तर सभासद पालक पाहिजेत, अर्ध्या स्त्रिया पाहिजेत, आणि दुर्बल घटकांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. शाळेच्या कामावर देखरेख, शाळेच्या विकासाची योजना आणि अनुदानाच्या खर्चावर नजर, हे तिचे काम. वाचकहो, हीच ती सनद! गरिबाच्या हाती एवढा अधिकार देणारे कलम कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल. आणि आम्ही त्याचे काय केले? कित्येक वर्षे समितीची सभा आम्ही इतिवृत्ताच्या वहीतच भरविली. ठराव आम्ही लिहावे, सूचक आम्ही निवडावा, अनुमोदक आम्ही शोधावा आणि मग वही घेऊन वाडीवर जाऊन सह्या-अंगठे घ्यावे. कोणी वरून विचारीत नव्हते, खालून विचारणारे आम्हीच होऊ दिले नव्हते.

एकदा भाताची लावणी चालली असता आम्ही असेच वही घेऊन बांधावर गेलो. एका बाईने चिखलाचा हात पदरास पुसला, अंगठा पुढे केला आणि विचारले, "गुरुजी, ह्या कागदावर मी काय बोलले म्हणून लिवलंय?" आम्ही गप्प राहिलो. त्या कागदावर ती शाळेच्या पाण्याच्या टाकीविषयी समाधान व्यक्त करीत होती. आणि टाकी तर चार महिने फुटलेली. बाईस वाचता येत नव्हते, पण प्रश्न मात्र तिने हंटर आयोगाच्या तोडीचा विचारला. त्या दिवशी आम्हांस कळले की संस्थाचालकाच्या घरी जे वतन आम्हांस दिसले, त्याचीच एक लहान गुंठाभर जमीन आम्हीही कसत होतो.

म्हणून शाळा सरकारची असो, संस्थेची असो वा दोघांची मिळून असो, तिच्या सनदेत पाच कलमे असावीत आणि ती पालकांस तोंडपाठ असावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले कलम दाराचे. जे मूल येईल ते घ्यावे. परीक्षा घेऊन, आईबापाची मुलाखत घेऊन, कपडे पाहून निवड करू नये. निवडक बियाणे पेरून आलेल्या पिकाची फुशारकी कोणीही मारील. मिळेल ते बी रुजवून दाखविणे हे शाळेचे काम.

दुसरे कलम पैशाचे. मुलाकडून फी नाही, देणगी नाही, सहलीच्या व गणवेशाच्या नावाने मागच्या दाराने वसुली नाही. आणि सरकारचा पैसा किती आला, देणगीदाराचा किती आला, गेला कोठे, हे वर्षातून दोनदा मराठीत मोठ्याने वाचून दाखवावे. फळ्यावर लिहून भागणार नाही, कारण पुष्कळ आईबापांस फळा वाचता येत नाही.

तिसरे कलम मास्तराचे. ज्या मास्तरास अर्ध्या पगारावर राबविले जाते आणि पुऱ्या पगारावर सही घेतली जाते, तो मुलांस खरे बोलणे काय शिकविणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ध्येयवाक्य रंगविणाऱ्या संस्थेने आधी पगारपत्रक दाखवावे.

चौथे कलम मुदतीचे. सनद पाच वर्षांची असेल तर पाच वर्षांनी पालकांच्या सभेत तिची परीक्षा व्हावी. मुलांस वाचता येते का, हिशेब येतो का, किती मुली मध्येच गळल्या, हे तेथे सांगावे. नापास झालेल्या मुलास आपण पुन्हा त्याच वर्गात बसवितो. नापास झालेल्या संस्थेस मात्र वरच्या वर्गात घालतो, हे उलटे आहे. आणि संस्थेने हात काढला तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा कोण उघडील, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. येथे सरकारला सुटका नाही.

पाचवे कलम मानाचे, आणि ते सगळ्यांत अवघड. पुलाखाली राहणाऱ्या पारधिणीस कोणी खाऊ देते, कपडे देते, तिच्या पोरास शिकविते. पण खुर्ची देते का? उपकार घेणाऱ्याने प्रश्न विचारू नये, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. आम्ही म्हणतो, तिच्या पोराचे शिक्षण हा उपकार नाही. ती जे साबण, तेल विकत घेते त्यावर तीही सरकारास कर भरते. तिची सही शेवटी न घेता तिचा शब्द आधी घ्यावा. ज्या शाळेत अशी आई न बिचकता मास्तरास दोन शब्द सुनावू शकते, त्या शाळेच्या ब्रीदाची पाटी नसली तरी चालेल.

बंधुभगिनींनो, ही कलमे पाळली जातात की नाही हे पाहण्यास कोणी अधिकारी येणार नाही. साहेब येतो तो मोटारीने, आणि रांगोळी पाहून जातो. तुम्ही जा. एक मजुरी बुडेल म्हणून समितीच्या सभेस जात नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण त्या एका मजुरीच्या मोबदल्यात आपण शाळेचे वतन दुसऱ्याच्या नावे करून देत आहोत, हेही ध्यानात घ्या. सुतार-लोहारांनो, तुमच्या हातचे बाक शाळेत आहेत. त्या बाकावर बसणाऱ्या पोरास काय येते ते विचारण्याचा हक्क बाकाबरोबरच तुम्हांस मिळाला आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. आणि इतिवृत्ताच्या वहीवर अंगठा मागणारा मास्तर आला, तर तो आमच्यासारखाच असला तरी, त्यास बांधावर उभे करून विचारा की मी यात काय बोलले आहे.

आमच्यापुरते आम्ही एक ठरविले आहे. सभा सकाळी अकरास ठेवली म्हणजे कोणी येत नाही आणि कोणी येऊ नये हीच आमची मनातली सोय होती. आता सभा संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर, शाळेच्या ओट्यावर भरते. पहिल्या सभेस सात जण आले. टाकीचा विषय निघाला आणि त्यावर आमची जी खरडपट्टी निघाली, ती इतिवृत्तात आम्ही शब्दशः लिहिली आहे. टाकी दुरुस्त झाली. भट्टीवर जाणाऱ्या मुलांचे काय करावे, हा पुढल्या सभेचा विषय त्याच बाईने सुचविला आहे. सूचक म्हणून या वेळी तिचे नाव आम्हांस शोधावे लागले नाही.